पडलेल्याला उचलताना

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सासूबाई होत्या तेव्हा शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सुनेच्या पोटात भाकर ऱ्हाती, गोष्ट ऱ्हात न्हाई." रागही तसलाच. पाणी तापायच्या आधी मी तापते. पण एक गोष्ट मी माझ्या दिरांना आजवर बोललेली नाही, आणि आता बोलणारही नाही. इथं लिहिते आहे ती कुणाचं नाव न घालता. दीर वाचतील याची मला फिकीर नाही. ते पेपर हातात घेतात तो क्रिकेटच्या पानापुरता, पुस्तकाचं तर नावच सोडा.

आम्ही लातूरला बागांची कामं करतो. सासर शिरूर अनंतपाळकडचं, माहेर नांदेडच्या बाजूचं. गावात पोट भरेना म्हणून मालक लग्नाच्या आधीच धाकट्या भावाला घेऊन लातुरात आले आणि त्यांनी बंगल्यांच्या बागा धरल्या. नवऱ्याला मी मालकच म्हणते, मालकी कशाचीच नसली तरी. लॉन लावायचं, कुंपणाची मेंदी कापायची, नारळ साफ करायचे, वायरींना टेकलेल्या फांद्या उतरवायच्या, ही त्या दोघा भावांची कामं. मी लॉनमधलं गवत वेचते. गवतातून गवत वेचायचं, हे मला पहिल्या दिवशी कळलंच नव्हतं. बंगल्यातल्या बाईंनी दाखवलं तेव्हा म्हटलं, अगं माय, हेही गवत आणि तेही गवतच की! आमच्या नळाला आठ-आठ दिवस थेंब नसायचा आणि त्या लॉनसाठी टँकर यायचा. त्यावरून मी घरी येऊन तोंड सोडायचे. मालक म्हणायचे, "गवताला कामून शिव्या देतीस? त्यानं मागितला का टँकर?"

दीर लहान असतानाच सासरे गेले. मालकांनीच त्यांना वाढवलं. खांद्यावर बसवून बाजार दाखवला, शाळेत घातलं, शाळा बुडवली तेव्हा बदडलं आणि बदडून झाल्यावर स्वतःच रडत बसले, असं सासूबाई सांगायच्या. दोघं कामाला लागले की बोलत नसत. मालक वर झाडात, दीर खाली दोर धरून. वरून नुसतं "हं" आलं की खालून दोर ढिला व्हायचा. मी चिडवायचे, "तुमी दोघं एकमेकांशी लगीन करा, मी जाते नांदेडला."

वर्षातून एकदा मात्र आमच्याकडं अशी झुंबड उडायची की विचारू नका. वटपौर्णिमा. आम्ही बौद्ध, आमच्यात हे व्रत नाही. पण बंगल्यांतल्या बायकांना वडापर्यंत जाणं जमत नाही. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला ऑफिस असतं, कुणाला ऊन सोसत नाही. मग फांदीच घरी पाहिजे. ती कुंडीत रोवायची, सूत गुंडाळायचं, पूजा करायची. आणि फांदी कशी पाहिजे? पानं फाटलेली नकोत, मातीत लोळलेली नको. एका बाईंनी एकदा पान किडकं आहे म्हणून परत पाठवली होती. तेव्हापासून मालकांनी एक पद्धत बसवली. आधी फांदीला दोर बांधायचा, मग कापायची, आणि लेकरू पाळण्यात ठेवावं तशी दोरानं अलगद खाली सोडायची. दोर एकच. तो फांदीला. माणसाला नाही.

"त्या पाल्याला बांधताय, सोताला कधी बांधनार?" मी विचारायचे.

"माजी पानं फाटली तर कोन परत पाठवनार हाय?" ते म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. असल्या गोष्टींवर हसायचो आम्ही.

त्या वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं भाऊ औसा रोडच्या बाजूला, एका मोकळ्या प्लॉटातल्या वडावर गेले. मी तिथून लांब, दुसऱ्या बंगल्यात खुरपत होते. रात्री भुरभुर झालेली, साल निसरडी. मालकांनी वर चढून एक फांदी कापली. ती अंदाजापेक्षा जड निघाली, दोराला हिसका बसला, फांदी गर्रकन फिरली आणि तिचा बुंधा मालकांच्या छातीवर आला. मालक पाठीवर खाली. फांदी दोराला लटकून राहिली. तिचं एक पानसुद्धा तुटलं नव्हतं, असं दीर मला नंतर रडत रडत सांगत होते. काय सांगावं आणि काय नाही, हे तरी माणसाला अशा वेळी कुठं कळतं.

आता पुढचं मी नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे. आमच्या गावाकडं पडलेल्या माणसाला भुईवर पडू देत नाहीत. झाडावरनं पडो की माळवदावरनं पडो, लगेच काखेत हात घालून उभा करायचा, पाणी पाजायचं, चार पावलं चालवायचा. म्हणजे मुका मार अंगात बसत नाही, असं म्हणतात. मी लहानपणी चिंचेवरनं पडले होते, तेव्हा माझ्या बापानं मला असंच अंगणभर चालवलं होतं आणि मला काही झालं नाही. दिरांनी तेच केलं. "उठ दादा, उठ दादा" करत काखेत हात घातले, उचललं, उभं केलं. पाय लोंबकळायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, दादा भ्यालाय. जवळच्या रसवंतीवाल्याला हाक मारली आणि मोटारसायकलवर ह्यांना दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात आणलं. रस्त्यात गतिरोधक किती आणि खड्डे किती, ते लातूरकरांनाच विचारा.

मी पोचले तेव्हा मालक स्ट्रेचरवर होते. मला बघून हसले. "पाय झोपल्यात बघ," म्हणाले. "मुंग्या आल्या की जागे व्हतील."

मी त्यांच्या तळव्याला चिमटा काढला. चांगला कडकडून काढला. ते माझ्याकडं बघत तसेच हसत राहिले.

लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं. तिथं मणक्याचे मोठे डॉक्टर होते. ऑपरेशन झालं. नंतर एका सकाळी त्यांनी मला आत बोलावलं. दीर तेव्हा रक्त द्यायला गेले होते, म्हणून मी एकटीच होते. चांगला माणूस. आधी मला खुर्चीवर बसवलं, मग विचारलं, "पडल्यावर ह्यांना आणलं कसं?"

मी सगळं सांगितलं. उभं केलं ते, पाणी पाजलं ते, मोटारसायकलचं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, पडलेल्या माणसाला असं उचलायचं नसतं. आहे तसा, न हलवता, सपाट फळीवर घेऊन आणायचा. मणका मोडला तो पडल्यामुळं. आतली नस मात्र पडताना दबली की उचलताना, ते मी आता नक्की सांगू शकत नाही. बऱ्याच वेळा उचलताना दबते."

"चालतील का?"

"आशा कमी आहे," ते म्हणाले.

बाहेर आले तर दीर दारातच उभे. एक हात मुडपून कोपराच्या आत कापूस दाबून धरलेला. दाढी वाढलेली, कालपासून पोटात चहाशिवाय काही नाही. "काय म्हनले, वैनी?"

आला होता शब्द ओठावर. खोटं कशाला बोलू, अंगाची नुसती लाही झाली होती. वाटलं, ह्या माणसाची गचांडी धरावी आणि ओरडावं, तुमी उचललं! पडू दिलं असतं तसंच तर काय भुई खानार व्हती त्यांना? पण त्या कापसाकडं बघितलं आणि मी म्हणाले, "बगू म्हनले."

त्या दिवसापासून मी डॉक्टरांच्या एका वाक्यावर जगत आले. नक्की सांगू शकत नाही. भाकरी थापताना तेच, धुणं धुताना तेच. नक्की नाही ना? मग पडतानाच गेली असेल नस. एवढ्या उंचावरनं पडल्यावर काय राहतंय! असं मी स्वतःला समजवायचे. दिरांच्या ताटात वाढायचं तर मनाची तशी समजूत घालणं मला भाग होतं, नाहीतर हातातली पळी त्यांच्या डोक्यात बसली असती. मालकांना तर यातलं काहीच सांगायचं नाही, हे मी नांदेडलाच ठरवलं होतं. ज्या भावाला पोटच्या लेकरासारखा वाढवला, त्याच्याच हातानं आपले पाय गेले, हे ऐकून माणूस कशावर जगेल?

लातूरला परत आलो. बघायला माणसं आली, गेली. ज्यांच्यासाठी ती फांदी कापली जात होती, त्या बाई सफरचंदं घेऊन आल्या. खाटेजवळ बसल्या, हळहळल्या आणि जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्यात वटपौर्णिमा करत नाहीत ना? पुढच्या वर्षी करून बघा. श्रद्धेनं फरक पडतो."

मी म्हटलं, "साहेब बरे हायेत न्हवं तुमचे?"

"हो, बरे आहेत."

"मग झालं तर. फांदी चांगली व्हती."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाई वाईट नव्हत्या. नंतरही मालकांची चौकशी करत राहिल्या, बागेचं काम दिरांकडंच ठेवलं. पण मला त्या बोलण्याचा आजही पस्तावा नाही.

घरात खरं राबले ते दीर. मालकांचं अंग जड, मला एकटीला उचलेना. सकाळी कामावर जायच्या आधी दीर त्यांना उचलून मोरीत न्यायचे, स्टुलावर बसवून अंघोळ घालायचे, कोरडं करून परत खाटेवर. दुपारी कुठंही असले तरी मोटारसायकल हाणत यायचे, खुर्चीत बसवायला. संध्याकाळी परत. भावाची दाढी करायचे, नखं काढायचे, आणि जे मी लिहिणार नाही तेही करायचे, नाक न मुरडता. आणि रोज काहीतरी नवीन ऐकून यायचे. कुणी सांगितलं, उदगीरकडं एक जण तेल देतो. कुणी सांगितलं, कोवळ्या उन्हात बसवा. सगळं केलं. तेलानं खाट तेवढी चकचकीत झाली.

त्यांचं लग्न ठरत आलं होतं. मुरुडची मुलगी, बारावी शिकलेली, बोलायला गोड. तिकडची माणसं येऊन म्हणाली, साध्या पद्धतीनं उरकून टाकू. दीर म्हणाले, "दादा उभा ऱ्हायल्याबिगर मी हारच घालून घेत न्हाई." त्यांनी वाट बघितली बिचाऱ्यांनी. मग तिला औशाला देऊन टाकली. त्या दिवशी दीर जेवले नाहीत आणि मी त्यांना आग्रह केला नाही. मला त्यांची दया येत होती, आणि दया येते म्हणून स्वतःचा राग येत होता. एका अंगानं वाटायचं, भोगा! दुसऱ्या अंगानं वाटायचं, ह्या पोराचं वाटोळं चाललंय आणि आपण बघत बसलोय.

एकदा तर अगदी काठावर आलं. मालकांच्या कंबरेखाली खाटेची जखम झाली होती. अशा माणसाला सारखं या कुशीवरून त्या कुशीवर करावं लागतं. मी करत होते, पण आमच्या पोरीला ताप होता, एक-दोन दिवस हयगय झाली असेल. दिरांनी सकाळी अंघोळ घालताना जखम बघितली आणि माझ्यावर उखडले. "वैनी, तुमाला एवढं एक काम सांगितलं तं तेबी व्हईना? मानूस सडायलाय इथं! तुमच्या हातानं जाईल तो एक दिवस!"

माझ्या हातानं! माय गं, माझ्या डोक्यात अशी सणक गेली. हातातला तांब्या मी भिंतीवर फेकला. "कुनाच्या हातानं काय झालं, ते नांदेडला—"

"ए!" खाटेवरून मालक ओरडले. इतक्या मोठ्यानं की पोरगी दचकून उठली. "पानी दे मला. आदी पानी दे! घसा कोरडा पडलाय." आणि त्यांना असा ठसका लागला की दीर पळत त्यांच्याकडं गेले, पाठ चोळायला लागले. मी पाणी दिलं. वाक्य तिथंच राहिलं. मला वाटलं, बरं झालं बाई, देवाला नाही पण ठसक्याला काळजी.

मग परवा-परवाची दुपार. पोरगी शाळेत गेलेली, दीर अजून यायचे होते. मी खाटेच्या पायथ्याशी बसून मालकांच्या तळव्यांना खोबरेल लावत होते. लागत काही नाही त्यांना, पण टाचा फुटतात. आणि माझी टकळी चालू होती. दिरांना अजून एक स्थळ आलं होतं, तेही त्यांनी परतवलं होतं. मी म्हणत होते, असं कसं चालंल, ह्या मानसाला कुनीतरी समजवा, तुमी उभं ऱ्हायची वाट बघत म्हातारा व्हईल तो.

मालक म्हणाले, "तू त्याला बोलू नको."

"लग्नाचं बोलू नको?"

"नांदेडच्या डॉक्टरानं सांगितलं ते."

माझे हात थांबले. "तुमाला कुनी सांगितलं?"

"कुनी सांगायला कामून पायजे? अंग माजं हाय. आन् डॉक्टरनं तुला सांगितलंय, ते तू तांब्या फेकलास तवाच कळलं." ते छताकडं बघत होते. "पडलो तवा शुद्धीत व्हतो मी. पाठीत कळ आली, पन पाय व्हते. चप्पल कुटंतरी उडाली व्हती. तळव्याला गार लागायलं, वला पाला व्हता खाली. म्या अंगठा हालवून बगितला. हालला. मनात म्हनलं, वाचलो."

मी त्यांचा अंगठा तेलकट मुठीत धरून ठेवला.

"मग त्यानं काखेत हात घातला. मला थांब म्हनायचं व्हतं, पन छातीला मार लागलेला, आवाजच निघंना. त्यानं उचललं, तवा आत कट् झालं. मग पाला लागला न्हाई."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. आवाज करून रडले, शेजारी ऐकतील याची लाज ठेवली नाही. ज्या एका वाक्यावर मी जगत होते, तेही गेलं. आता नक्की झालं. आणि ह्या माणसाला ते पहिल्या मिनिटापासून नक्की माहीत होतं. दवाखान्यात मला बघून हसले तेव्हाही. रोज त्याच दोन हातांनी उचलून घेताना, अंघोळ करून घेताना, दाढीला गाल पुढं करताना. तो ठसकासुद्धा खोटा होता.

"मला तरी सांगायचं," मी म्हणाले. "एवढे दिवस एकटेच..."

"तुला सांगितलं असतं तं तू त्याला सोडलं असतं का?" ते म्हणाले. रागानं नाही, चेष्टेनंही नाही. "त्यो मरंल गं. तुला म्हाईत न्हाई त्यो. हसत हसत जाईल आन् हिरीत उडी घेईल. माजे पाय गेले, जाऊ दे. भाऊ ऱ्हाऊ दे मला."

मोटारसायकलचा आवाज आला. मी पदरानं तोंड पुसलं. दीर आत आले, हातपाय धुतले, टॉवेलला हात पुसत खाटेजवळ आले. "काय दादा, काय गप्पा चालू हाईत?"

"तुजं लगीन," मालक म्हणाले.

"परत तेच! तू आदी उभा ऱ्हा, मग बगू."

"ऱ्हाईन की. तू धरल्यावर कामून न्हाई ऱ्हानार?"

दीर हसले. खुर्ची जवळ ओढली, वाकले आणि भावाच्या काखेत दोन्ही हात घातले. मालकांनी त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.

"सावकाश उचला, भावजी," मी म्हणाले.

"हाव वैनी," दीर म्हणाले. "रोजचंच हाय की."